१२० तासांचं टेफल सर्टिफिकेट : जर्मनीत आठ महिने वापरल्यावर

काल टेफलच्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवायला तयार करणाऱ्या कोर्सच्या, कंपनीची मेल आली. तुमचे १२० तास १८० करून घ्या, सवलत फक्त आज रात्रीपर्यंत, आणि खाली उलटं धावणारं घड्याळ. कोर्स घेतला तेव्हाही हेच घड्याळ धावत होतं. रात्री पावणेबाराला घाईघाईने कार्ड काढलं. सकाळी पाहिलं तर घड्याळ पुन्हा चोवीस तासांवर!

आधी एक सांगते. भारतीय पासपोर्ट आणि हा कागद एवढ्यावर युरोपात नोकरी मिळेल असं वाटत असेल, तर पैसे घालवू नका. २०२१ पासून, ब्रेक्झिटमुळे, तिथे ब्रिटिशांनाही परमिट लागतं. मग तुमच्या-माझ्यासाठी कागदपत्रांची खटपट कोण करणार? मला काम करता येतं ते नवऱ्याच्या ब्लू कार्डामुळे, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यामुळे. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून मुभा असते. कोर्सच्या जाहिरातीत याचा उल्लेख नाही. तिथे प्रागचा पूल आणि हसणारी मुलगी आहे.

आता खरं दुखणं : सहा तास. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांच्या कोर्सात किंवा ट्रिनिटीच्या तशाच कोर्सात खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावं लागतं, मागे प्रशिक्षक वही घेऊन बसलेला. माझ्या १२० तासांत असा एकही नाही. सेल्टाची फी लाखाच्या वर, म्हणून मी हा मार्ग धरला. स्टुटगार्टजवळच्या एका खासगी संस्थेने पहिलाच प्रश्न विचारला, तुमचा तास कुणी पाहिलाय का? मग नमुन्याचा तास घ्यायला लावला. ४५ मिनिटांपैकी ३५ मिनिटं मीच बोलले. एक विद्यार्थी जाताना म्हणाला, तुमचं इंग्रजी छान आहे. काम मिळालं नाही. परतीच्या एस-१ लोकल गाडीत वाचवलेल्या लाखाचा हिशेब मनात चालला होता आणि तो काही केल्या जुळेना.

शेवटी फोल्क्सहोखशुलेने, म्हणजे प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेने, दार उघडलं. तिथल्या बाई म्हणाल्या, आधी मागे बसून बघा. फुकट. नंतर माझ्या वर्गात त्या स्वतः येऊन बसल्या. सगळं मिळून सव्वासहा तास, मी मोजलेत.

इथवर लिहून एक तारा देणार होते. पण खरं सांगायचं तर कोर्समधला काळांचा धडा रोज उपयोगी पडतो. वर्गातल्या सत्तरीच्या आजी म्हणाल्या, “आय लिव्ह हिअर सिन्स फॉर्टी इयर्स.” मला हसू आलं, कारण शाळेत बाईंनी माझ्या वहीत हेच वाक्य लाल शाईने खोडलं होतं. जर्मनमध्ये वाक्य असंच बनतं आणि मराठीतही : चाळीस वर्षांपासून इथे राहते. वर्तमानकाळ पुरतो. फळ्यावर आडवी रेघ ओढून चाळीस वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत बाण काढला, तर आजी म्हणाल्या, हे आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. माझ्या इंग्रज सहकाऱ्याला चूक दिसते, ती का होते ते दिसत नाही. ‘आय बिकम अ कॉफी’ मात्र तोही ओळखतो. जर्मन ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणं, हे इथे सगळ्यांना तोंडपाठ.

पैशांचं थोडक्यात : मानधन ४५ मिनिटांच्या तासावर, तयारी आणि प्रवास आपल्या खिशातून. अशा शाळेत जोडकाम म्हणून शिकवलं तर २०२५ मध्ये वर्षाला ३,००० युरोंपर्यंत करमाफी होती. माझी कमाई त्यातच बसली. खासगी संस्था मात्र मानधनावर शिक्षक घ्यायला बिचकतात. कारण याच एस-१चं शेवटचं स्टेशन, हेरेनबेर्ग. तिथल्या संगीत शाळेतल्या शिक्षिकेच्या खटल्यात २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तिला स्वतंत्र व्यावसायिक नव्हे, नोकरदारच ठरवलं. मानधनावर शिक्षक ठेवायला नंतर सूट मिळाली, पण ती तात्पुरती.

तारे अडीच. कंपनीला उलट मेल करून विचारलं, १८० मध्ये तरी प्रत्यक्ष शिकवणं आहे का? उत्तर तासाभरात आलं : हो तर, सहा तास आहेत. दुसऱ्यांचे वर्ग, व्हिडिओवर बघायचे.