ब्रिसलनोज की झेब्रा? गुहेत अंडी घालणारा प्लेको घरी वाढवायचा असेल तर

गप्पी-मॉलीची पिल्लं वाढवून झाली की पुढची पायरी म्हणून बऱ्याच जणांची नजर प्लेकोकडे, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणाऱ्या माशाकडे, वळते. नर गुहा धरून बसतो, मादीला आत घेतो, अंडी पडली की तिला बाहेर हाकलतो आणि पुढे राखण एकटाच करतो. हे घरच्या काचेमागे बघायला मिळणार म्हटल्यावर मोह होणारच. मग प्रश्न येतो, प्लेकोच्या कुठल्या जातीचा: साधा ब्रिसलनोज घ्यावा, की पैसे साठवून एकदम झेब्राच आणावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा करत असाल तर ब्रिसलनोज. मात्र झेब्रा अंडीच देत नाही, असं जे ऐकायला मिळतं ते कारण नव्हे. जमलेला गट आणि चांगलं पाणी असेल तर झेब्राही अंडी देतो. खरा फरक पिल्लं गुहेबाहेर आल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत पडतो, आणि निवड तिकडे बघून करावी.

त्याआधी एक फसगत टाळा. दुकानात ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ म्हणून स्वस्तात मिळणारा करडा-ठिपकेदार मासा बहुतेक वेळा या दोघांपैकी नसतो. तो टेरिगोप्लिक्थिस. फूट-दीड फूट वाढतो, नदीकाठच्या मातीत बीळ खोदून त्यात अंडी घालतो, त्यामुळे घरच्या टँकमध्ये त्याची पिल्लं होण्याची आशा सोडा. ओळखायचं कसं? पाठीवरच्या फिनमधले किरण मोजा. दहा किंवा त्याहून जास्त असतील तर हाच सकर. ब्रिसलनोजला सातच्या आसपास असतात. टँकमध्ये मावेनासा झाला म्हणून लोकांनी हा सकर तळ्यात-नदीत सोडला आणि केरळ, आंध्र, तमिळनाडूत तो आता जाळ्यात सापडतो, जाळी फाडतो. पाळायचा असेल तर पाळा, पण सोडायला कुठेही जाऊ नका.

आता आपले दोन उमेदवार. ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रस. दहा-बारा सेंटिमीटरचा, नराच्या तोंडावर मिशांसारखी मांसल शिंगं, मादीला ती नाहीत किंवा ओठाच्या कडेला नावापुरती. वर्षाच्या आत वयात येतो. अल्बिनो, काळ्या डोळ्यांचा पिवळा, लांब फिनचा असे प्रकार सर्रास मिळतात. झेब्रा म्हणजे हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा, दुकानदाराच्या भाषेत एल-०४६. (नाव न ठरलेल्या प्लेकोंना एल नंबर देण्याची पद्धत एका जर्मन मासिकाने १९८८ मध्ये सुरू केली. झेब्राला शास्त्रीय नाव १९९१ मध्ये मिळालं, तरी नंबर चिकटला तो चिकटलाच.) जेमतेम आठ सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळे पट्टे, आणि जगात फक्त ब्राझीलमधल्या झिंगू नदीच्या एका वळणावर सापडणारा. वयात यायला दोन-तीन वर्षं घेतो. पिल्लं आणलीत तर नर कोण, मादी कोण हे कळायलाही वर्ष-दीड वर्ष जाऊ शकतं.

गुहेच्या बाबतीत दोघांची मागणी सारखीच: एका बाजूने बंद, आणि नर आत शिरला की त्याचे बाजूचे दोन्ही फिन भिंतींना टेकतील इतकीच रुंद. ऐसपैस गुहा त्यांना नको असते. ब्रिसलनोजला ४० ते ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, बारा-पंधरा सेंटिमीटर लांब, एका टोकाला टोपण. झेब्राला ३२ मिलिमीटरचा पुरतो. कुंभाराकडून बिनचकाकीच्या भाजलेल्या मातीच्या नळ्या करून घेतल्यात तर सर्वांत उत्तम. शहाबादी किंवा कडप्प्याचे तुकडे रचून गुहा करायचा मोह होतो, पण दोन्ही चुनखडीचे दगड. हळूहळू पाणी जड करतात. ब्रिसलनोज ते चालवून घेईल, झेब्राच्या टँकमध्ये ठेवू नका.

पाण्यावरून आपल्याकडे चित्र थोडं उलटं होतं. ब्रिसलनोजला २३ ते २६ अंश आवडतं. झेब्राला २८ ते ३०. म्हणजे मुंबई, कोकण, गोव्यात वर्षातले बरेच महिने झेब्राला हीटर लागत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याकडे ब्रिसलनोजवाल्याचीच धांदल उडते: टँकवर पंखा लावा, झाकण उघडं ठेवा. तीस अंशांच्या वर पाणी राहिलं की ब्रिसलनोजचा नर अंडी सोडून देतो असा बऱ्याच पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

पण झेब्राला नुसतं गरम पाणी देऊन भागत नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६. झेब्राला नेमकं हे गरम पाणी हवं आणि त्यात ऑक्सिजनही भरपूर हवा, कारण झिंगूत तो खडकांच्या फटींतून वेगाने वाहणाऱ्या पाण्यात राहतो. म्हणजे पॉवरहेड (पाण्याला प्रवाह देणारा छोटा पंप), दोन एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे दगड), आणि दिवे गेले तर बॅटरीवर चालणारा एअर पंप. भारनियमनाच्या गावात राहत असाल तर झेब्राचा विचार करताना इन्व्हर्टरचा खर्चही त्याच हिशेबात धरा.

जडपणाचंही तसंच. मुंबईचं पालिकेचं धरणाचं पाणी मऊ, क्लोरीन काढलं की दोघांनाही चालतं. बोअरवेलवर किंवा टँकरवर असलात तर ब्रिसलनोज बहुधा निभावून नेईल. झेब्राच्या अंड्यांसाठी मात्र आरओचं पाणी मिसळावं लागेल.

अंड्यांसाठी उद्युक्त करायची युक्ती दोघांचीही एकच, पावसाळ्याची नक्कल. आठवडा-दोन आठवडे पाणी कमी बदला, खाणं भरपूर द्या, आणि मग तीन-चार अंश गार पाण्याने तीसेक टक्के पाणी बदला. ब्रिसलनोजची जोडी जमली की नंतर युक्तीचीही गरज राहत नाही, दर महिना-दीड महिन्याने अंडी येत राहतात. झेब्राच्या गटात कधी सलग दोनदा, तर कधी सहा महिने काहीच नाही.

अंडी पडल्याचं कळतं कसं? नर जेवायला येईनासा होतो. बाजूने बारीक टॉर्च मारला तर आधी गुहेच्या तोंडाशी शेपूट दिसते, सतत हलणारी. त्यामागे नारिंगी मण्यांचा एकमेकांना चिकटलेला घोस. ब्रिसलनोजचा घोस पन्नास ते शंभर अंड्यांचा, झेब्राचा दहा-पंधराचा. पाच-सात दिवसांनी प्रत्येक मण्याला शेपटी फुटते. पिल्लू म्हणजे मोठाली पिवळी पिशवी आणि तिला जोडलेलं डोकं-शेपूट. त्या पिशवीतल्या बलकावर ते आणखी आठवडाभर काढतं, त्या काळात खायला काहीही टाकू नका.

इथे दुसरा निर्णय येतो: अंडी बापाकडे ठेवायची की काढून घ्यायची? ब्रिसलनोजच्या बाबतीत मी डोळे झाकून बापाकडे ठेवा म्हणेन. शेपटीने वारा घालत, खराब अंडी वेचून टाकत तो जे करतो ते एअरस्टोन तितक्या हुशारीने करत नाही. पहिल्या खेपेचा नर अंडी बाहेर लोटून देतो, हे होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शिकतो. पंधरा अंडी वाया गेली तरी महिन्याभरात पुन्हा येणार आहेत.

झेब्राच्या दहा अंड्यांना तेवढी उधळपट्टी परवडत नाही. म्हणून अनेक जण पिशवी थोडी उरलेली असतानाच पिल्लं काढून टँकच्या आतल्या जाळीच्या पेटीत ठेवतात, म्हणजे पाणी तेच राहतं आणि खाणं तोंडाशी देता येतं. नराने अंडीच बाहेर टाकली तर पेटीत एअरस्टोनच्या हलक्या बुडबुड्यांवर ती फिरती ठेवायची, पांढरी पडलेली, कापूस धरलेली रोज ड्रॉपरने उचलायची. पाण्यात देशी बदामाचं वाळलेलं पान टाकलं तर बुरशी थोडी आटोक्यात राहते. रस्त्याकडेचं पान घेतलंत तर आधी स्वच्छ धुऊन घ्या.

आणि आता मुख्य गोष्ट, खाणं. ब्रिसलनोजच्या पिल्लांचं ताट तुमच्या भाजीच्या टोपलीतून निघतं. दुधी, काकडी, लाल भोपळा, पालक. दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून गार करायचं आणि चमच्याला टोचून बुडवायचं. सोबत स्पिरुलिनाची वडी आणि खरवडायला ड्रिफ्टवूडचा तुकडा. सकाळी दुधीच्या चकतीवर चाळीस पिल्लं तोंड लावून बसलेली असतात आणि संध्याकाळी फक्त साल उरतं. अडचण खाण्याची नसून त्याच्या घाणीची आहे. उरलेली भाजी त्याच दिवशी काढावी लागते आणि एक दिवसाआड पाणी बदलावं लागतं, कारण साठ-सत्तर पिल्लं छोट्या टँकमध्ये अमोनिया झपाट्याने वाढवतात. ब्रिसलनोजची पिल्लं मरतात ती बहुधा पाण्याने, भुकेने क्वचित. तेव्हा दुसरा टँक आणि जुना, मुरलेला स्पंज फिल्टर अंडी पडण्याआधीच तयार हवा.

झेब्राचं पिल्लू दुधीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला मांसाहार हवा: ताजी फोडलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव), बारीक केलेले फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), सायक्लॉप्स (पाण्यातले सूक्ष्म जीव), तेही दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. आर्टेमियाची अंडी लिटरमागे पंचवीस-तीस ग्रॅम मिठाच्या पाण्यात बुडबुड्यांवर फोडायला एक दिवस लागतो. म्हणजे रोज एक बाटली लावायची आणि कालची गाळायची. हा उद्योग तीन महिने, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा. बदल्यात मिळणारी पिल्लं आठ-दहा, आणि ब्रिसलनोज दोन-तीन महिन्यांत गाठतो ते अडीच-तीन सेंटिमीटर गाठायला त्यांना जवळजवळ दुप्पट वेळ. गावाला जाताना कुणाला टँक सोपवणार, याचं उत्तर नसेल तर झेब्रा घेऊ नका.

पैशाचा हिशेब लोक फार लवकर मांडतात. एका झेब्राच्या किमतीत ब्रिसलनोजचा अख्खा संसार उभा राहतो, हे खरं. म्हणून ‘चार पिल्लं विकली की वसूल’ असं गणित होतं. पण वयात आलेला पाच-सहांचा गट विकत घेणं किंवा पिल्लं घेऊन तीन वर्षं थांबणं, यापैकी एक करावंच लागतं. उलट ब्रिसलनोजची अडचण अशी की तिसऱ्या घोसानंतर जवळचे दुकानदार हात वर करतात. तेव्हा गुहाच काढून घ्या, नाहीतर नर वेगळा करा.

झेब्राच्या बाबतीत कागदपत्रांचाही भाग आहे. बेलो मोंचे धरणाने झिंगूच्या त्या वळणावरचं पाणी वळवलं. ब्राझीलने झेब्राची निर्यात आधीच बंद केली होती, आणि २०२२ च्या पनामा बैठकीत तो सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात गेला; नदीतून पकडलेल्या झेब्राच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्य. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीसच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आहे, जन्मलेल्या पिल्लांचीसुद्धा. ‘पेपर नंतर देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून झेब्रा घेऊच नका.

मधला रस्ता हवा असेल तर एल-३३३ बघा. तोही झिंगूचाच, पट्टे पिवळट, घोस वीस-तीसचा, किंमत झेब्राहून बरीच कमी. खाणं आणि पाणी मात्र झेब्रासारखंच. दोघांना एका टँकमध्ये ठेवू नका, संकर होतो आणि तशी पिल्लं पुढे कुणी जाणकार घेत नाही.

ब्रिसलनोज ठरला असेल तर जोडी मागू नका. दुकानातली ‘जोडी’ बऱ्याचदा दोन नर निघते. तीन-चार सेंटिमीटरची सहा पिल्लं घ्या, पोट आत गेलेलं आणि डोळे खोल गेलेलं एकही घेऊ नका, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या ठिकाणांहून तीन-तीन आणा, म्हणजे भावंडांचीच जोडी जमणार नाही.