झाडी की माळ? १८७०च्या दशकातल्या अमेरिकन मिडवेस्टात दावा कुठे लावायचा

अमेरिकेच्या होमस्टेड कायद्याने १८६३पासून दावा लावणाऱ्याला सरकारी जमिनीतले १६० एकर मिळू लागले. सगळी फी मिळून साधारण १८ डॉलर, पाच वर्षं तिथेच राहून जमीन कसायची, मग ती नावावर. एकवीस वर्षं पूर्ण झालेली एकटी बाई किंवा विधवाही दावा लावू शकत असे. (ही जमीन ‘मोकळी’ होती ती सरकारी कागदावर. तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांना मिनेसोटातून १८६३मध्येच हाकललं होतं.) आता दावा विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या झाडीत लावायचा की नेब्रास्काच्या माळावर? जमिनीचा कस दोन्हीकडे बरा आहे. बघायचं ते घरात माणसं किती आणि गाठीला पैसा किती, हे.

झाडीत पैसा कमी लागतो, वर्षं जास्त जातात. सगळी झाडं तोडत बसायचं नसतं. बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढला की झाड उभ्याउभ्या वाळतं, पानं गळतात, आणि खाली ऊन आलं की मधल्या जागेत मका टोकता येतो. एका माणसाने वर्षाला पाच एकर मोकळे केले तरी मजल चांगली. बुंधे मात्र कुजेपर्यंत राहतात. नांगराचा फाळ मुळात अडकला की रुमणं थेट बरगडीत बसतं. जाळलेल्या ओंडक्यांची राख पोटॅश या क्षारासाठी विकली जाते. मेपलचा रस आटवून साखर होते, पण चाळीस भाग रसातून जेमतेम एक भाग पाक निघतो, तेव्हा सरपणाचा हिशेब आधी करावा. कुंपणाला ओंडके फोडून आडव्या फळ्या रचायच्या, खिळाही लागत नाही.

धोका गाईचा. दक्षिणेकडे इंडियाना-इलिनॉयच्या झाडीत उन्हाळ्याअखेर कुरण वाळलं की गाई सावलीतलं पांढऱ्या फुलांचं स्नेकरूट खातात आणि विष दुधात उतरतं. अब्राहम लिंकनची आई १८१८मध्ये याच दुखण्याने गेली. आधी अंग थरथरतं ते वासराचं. तेवढं दिसलं की दूध बंद, लोणीही बंद.

माळावर एकही झाड तोडावं लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. ब्लूस्टेम गवताच्या मुळ्यांचं जाळं पाहिलं की तो समज जातो. बिडाच्या नांगराला ही चिकट काळी माती लपेटून बसते आणि दर दहा पावलांवर ती खरवडावी लागते. म्हणूनच लोहार जॉन डिअरचा १८३७चा गुळगुळीत पोलादी नांगर इकडे खपला. कोऱ्या माळाची पहिली मोड करायला मोठा नांगर आणि तीन ते सहा बैलजोड्या लागतात. त्या नसतील तर एकरी दोन-तीन डॉलर मोजून भाड्याने काम करून घ्यायचं. खोली दोन-तीन इंचच ठेवावी, म्हणजे पालथा पडलेला गवत-मुळ्यांचा थर कुजतो. वेळ मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. आधी किंवा नंतर मोडलं तर गवत परत फुटतं. पहिल्या वर्षी त्या थरात कुऱ्हाडीने चीर पाडून मका टाकतात. पीक बेताचंच येतं, पण निंदणी नाही.

घरही त्याच थराचं. फूटभर रुंद, चार इंच जाड पट्टे काढून तीन-तीन फुटांवर तोडायचे, आणि दिवसभरात रचून होतील तेवढेच काढायचे. वाळले की भुगा होतो. गवताची बाजू खाली, शेजारी शेजारी दोन, सांधा सांध्यावर येऊ द्यायचा नाही, आणि दर तिसऱ्या-चौथ्या थराला आडवे. खिडकीच्या चौकटीवर दोन-चार इंच फट सोडून चिंध्या कोंबाव्यात. भिंत पुढे खचते आणि फट नसेल तर काच तडकते. सोळा बाय वीस फुटांच्या घराला सुमारे नव्वद टन माती लागते. थंडी-उन्हाळ्यात ते झाडीतल्या ओंडक्यांच्या खोपटापेक्षा सुखाचं. पावसात मात्र नाही: बाहेर उघडीप पडली तरी आत गळती चालूच, आणि भिजल्या छताच्या वजनाने आढं वाकतं.

सरपण हीच खरी अडचण. बायसन या रानटी गुरांच्या आयत्या गोवऱ्या संपल्या की मक्याची बुरकुंडं, नाहीतर पिळलेलं गवत. गवत इतकं झरझर जळतं की एक माणूस चुलीपाशी नुसता पिळत बसतो. पठारावर विहीर शंभर फुटांच्या पुढेही जाते. उतरण्याआधी मेणबत्ती सोडून बघावी. ती विझली तर खालची हवा खराब, उतरू नये. शरद ऋतूत वणव्यासाठी घराभोवती अंतर ठेवून नांगराचे दोन पट्टे मारून मधलं गवत आपणच जाळावं. टोळांवर असा इलाज नाही. १८७४मध्ये त्यांनी पिकं तर खाल्लीच, अवजारांचे घामट दांडेही कुरतडले. काटेरी तारेचं ग्लिडनचं पेटंट त्याच वर्षीचं, त्याआधी कुंपणाला ओसेज ऑरेंजची काटेरी वई, ती गुरं अडवण्याजोगी व्हायला तीन-चार वर्षं.

दोन कर्ते मुलगे आणि रिकामी थैली असेल तर झाडी. बैल आणि वर्षभराचं पीठ-मीठ घेण्याइतका पैसा असेल तर माळ, पण दावा ओढ्याकाठी लावावा. तिथे पाणी आणि कॉटनवूडची चार झाडं मिळतात. सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लगेच नावावर करता येते, मात्र ते २०० डॉलर कर्जाने आणले तर जमीन सावकाराच्या घशात जायला एक टोळांचं वर्ष पुरतं.

निघण्याची वेळही वेगळी. झाडीत सुगीनंतर पोचावं, तोड हिवाळ्यात चांगली होते. माळावर एप्रिलअखेर गाडी लागली नाही आणि जून चुकला, तर त्या वर्षी हातात फक्त घर बांधणं आणि गवत कापून ठेवणं उरतं.