सेफ ऑब्जेक्ट स्टोरेज: बरेच महिने वापरल्यावर, मुख्यतः डिलीट करूनही न सुटणाऱ्या जागेबद्दल

बॅकअप आणि लॉग ठेवायला सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून डेटा साठवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचा रेडोस गेटवे (फाइल्स ऑब्जेक्ट म्हणून ठेवायचा-काढायचा त्याचा भाग) बरेच महिने वापरतोय. डिस्क गेली तरी क्लस्टर (या सर्व्हरचा गट) स्वतःच सावरतो, डेटाच्या बाबतीत पूर्ण विश्वास बसलाय. पण जागेचा हिशोब नीट समजून घेतल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

होतं काय, जुने बॅकअप उडवले, बकेटचा (ऑब्जेक्ट ठेवायच्या कप्प्याचा) आकडा खाली आला, पण सेफ डीएफ या कमांडमधला वापरलेल्या जागेचा आकडा जागचा हलत नाही. आधी थोडं थांबा. ऑब्जेक्टचा पहिला तुकडा, डीफॉल्टला 4 एमबीपर्यंतचा, लगेच जातो, बाकीचे तुकडे गार्बेज कलेक्शनच्या (जीसी, नको असलेले तुकडे मागाहून साफ करणं) रांगेत लागतात आणि तिथे किमान 2 तास राहतात. जीसी लिस्ट रिकामी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका, इन्क्लूड-ऑल हा पर्याय लावला नाही तर फक्त मुदत संपलेल्या नोंदीच दिसतात. आमच्याकडे डिलीटचा वेग इतका होता की रांग नुसती फुगतच चालली होती, कॉन्करन्ट आयओ (जीसीने एकाच वेळी किती कामं करावीत ते सेटिंग) 10 वरून वाढवलं आणि लोड कमी असताना जीसी प्रोसेस हाताने चालवली तेव्हा कुठे ओसरली.

अर्धवट राहिलेले मल्टीपार्ट (मोठी फाइल तुकड्यांत पाठवायचे) अपलोड साध्या लिस्टिंगमध्ये दिसत नाहीत आणि आपोआप जातही नाहीत, त्यांना लाइफसायकल रूल (ठरावीक दिवसांनी आपोआप काढायचा नियम) लागतोच. व्हर्जनिंग चालू असेल तर डिलीट म्हणजे फक्त मार्कर (डिलीट झाल्याची खूण), जुन्या व्हर्जन जशाच्या तशा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते छोट्या फाइल्सनी. पॅसिफिक या सेफच्या आवृत्तीच्या आधी हार्डडिस्कवर ब्लूस्टोअर (डिस्कवर प्रत्यक्ष डेटा लिहिणारा सेफचा भाग) कमीत कमी 64 केबीचा तुकडा द्यायचं, म्हणजे 4+2 इरेजर कोडिंगमध्ये (डेटाचे चार तुकडे आणि डिस्क गेल्यास सावरायला दोन जादा) 16 केबीची फाइल सहा ठिकाणी 64 धरून 384 केबी खाते, कागदावर 24 व्हायला हवी होती! पॅसिफिकमध्ये ते 4 केबी केलं, पण हा आकडा ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारा सेफचा भाग) तयार होतानाच ठरतो, त्यामुळे नुसतं अपग्रेड करून काहीच फरक पडत नाही, एकेक ओएसडी रिकामा करून नव्याने बनवावा लागतो. वेळखाऊ आहे, पण आम्हाला सगळ्यात जास्त जागा यातूनच मिळाली, त्यामुळे लॉगसारखा बारीक डेटा असेल तर हे आधी तपासा.

एवढं करूनही जमत नसेल तर ऑर्फन लिस्टचं (कुठल्याच बकेटशी न जोडलेले, बेवारस तुकडे शोधायचं) टूल आहे. ते फक्त यादी देतं, काढायचं आपणच. ती यादी डोळे झाकून डिलीट करू नका, इंडेक्स (आतल्या ऑब्जेक्टची यादी) नसलेल्या बकेटचे चांगले ऑब्जेक्टही त्यात येऊ शकतात.

आणि हे सगळं वेळेत करा, डीफॉल्टला 85 टक्क्यांवर नियरफुलची (डिस्क भरत आल्याची) वॉर्निंग येते, 95 ला लिहिणंच बंद होतं आणि गेटवेतून डिलीट करायलाही इंडेक्समध्ये लिहावं लागतं. आम्ही अलर्ट 75 वरच लावलाय.