जवळच जाण्यासाठी हेल्मेट

आठ महिने वापरून मग लिहितोय. लोक हेल्मेट घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहून मोकळे होतात, फिटिंग मस्त, लुक एक नंबर, पाच स्टार. आमच्याकडे एक पावसाळा अंगावर घेतल्याशिवाय हेल्मेट कसं आहे ते कळत नाही. मी एप्रिलमध्ये घेतलं, मधे चतुर्थी गेली, आता जत्रा सुरू झाल्यात.

माझं कुडाळात झेरॉक्सचं दुकान आहे आणि गेली चौदा वर्षं मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. वार्ताहराला मानधन किती मिळतं ते विचारू नका, म्हणून झेरॉक्स. मी लिहितो त्या बातम्या चार जातीच्या: सभा, सत्कार, उद्घाटन आणि अपघात. पहिल्या तीन लोक स्वतः आणून देतात. चौथीसाठी फोन येतो आणि गाडीला किक मारावी लागते. छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं मी वहीत चिकटवतो, जुनी सवय.

त्या वह्या चाळल्या की हायवे कसा बदलला ते दिसतं. रस्ता दुपदरी होता, नंबर १७ होता, तेव्हा माझ्या बातम्यांत 'समोरासमोर धडक' आणि 'वळणावर ताबा सुटून' हे शब्द घासून गुळगुळीत झाले होते. आता रस्ता चौपदरी, नंबर ६६, वळणं सरळ झाली आणि ते शब्द निम्म्याहून कमी लागतात. त्यांच्या जागी आले 'मिडलकटवर', 'मागून धडक', 'विरुद्ध दिशेने येणारी दुचाकी', 'मोकाट गुरे'. मिडलकट म्हणजे दुभाजक तोडून ठेवलेली वाट. घर रस्त्याच्या एका अंगाला, शेत, देऊळ नाहीतर दूध डेअरी दुसऱ्या अंगाला, आणि मधून शंभरच्या वेगाने गोव्याच्या गाड्या. पुढच्या कटापर्यंत जाऊन वळसा घालायचा तर पेट्रोल जातं, म्हणून माणूस उलटाच निघतो. मीही निघालोय, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट मात्र जुन्या वहीत होती तशीच नव्या वहीत आहे. गेलेला माणूस लांब कुठे जात नव्हता. पाव आणायला, मुलीला क्लासवरून घ्यायला, काजूची बी घालायला, शेजारच्या वाडीत बाराव्याला. घरचे हेल्मेटबद्दल एकच वाक्य बोलतात, जवळच तर जायचं होतं. आणि मी बातमीत लिहितो, 'हेल्मेट नसल्याने डोक्याला गंभीर दुखापत झाली. अधिक उपचारासाठी गोवा-बांबोळी येथे हलविण्यात आले.' बांबोळी म्हणजे गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल. सिंधुदुर्गात हा शब्द ऐकला की लोक पुढचं विचारत नाहीत. दोन-चार दिवसांनी दुसरी बातमी येते, तीन ओळींची, 'उपचारादरम्यान निधन'. सरकारी हिशेबात तीस दिवसांच्या आत गेलेला माणूस अपघाती मृत्यूतच धरतात, पण वाचणाऱ्याच्या हिशेबात ती तीन ओळींची बातमी येतच नाही. त्याला वाटतं, तो वाचला.

हे सगळं चौदा वर्षं लिहिणाऱ्या माणसाकडे हेल्मेट कुठलं होतं? हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेलं, अडीचशे रुपयांचं, पोलीस दिसले की डोक्यावर आणि नाक्यापलीकडे पुन्हा आरशावर.

आता दुकान. नाव लिहीत नाही, कुडाळ बाजारपेठेत हेल्मेटचीच अशी दुकानं बोटावर मोजण्याइतकी, शोधलंत तर सापडेल. ओळखायची खूण म्हणजे काउंटरवर दोन हेल्मेटं उभी चिरून ठेवलीत, नारळाच्या कवडीसारखी. मालकाने स्वतः हॅक्सॉने कापलेली. डावीकडच्यात बाहेर प्लास्टिकचं कवच, आत बोटभर जाड घट्ट काळा थर्माकोल आणि मग कापड. उजवीकडच्यात कवच आणि थेट पातळ स्पंज. मधे काहीच नाही. मालक गिऱ्हाइकाला दोन्हीत अंगठा दाबायला सांगतो. स्पंज लगेच कवचाला टेकतो, थर्माकोल टेकत नाही. "डोकां वाचवता तो ह्यो थर्माकोल," तो म्हणाला, "वरचा चकचकीत काय कामाचा नाय. आपटल्यार ह्यो चेपता, म्हणान टकली चेपना नाय." हेल्मेटवर इतकं नेमकं मी कुठल्या रस्ता सुरक्षा सप्ताहात ऐकलं नव्हतं, आणि त्या सप्ताहांच्या बातम्या दरवर्षी मीच लिहितो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं तेही याचसाठी. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून काही कळत नाही.

उजवीकडचं चिरलेलं हेल्मेट हुबेहूब माझ्यासारखं होतं. रंगसुद्धा.

मी गेल्या गेल्या म्हटलं, लार्ज दाखवा. माझं डोकं मोठं अशी घरात समजूत. त्याने ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली. "मापाशिवाय देवचंय नाय." भुवयांच्या जरा वरून, मागे डोक्याच्या फुगवट्यावरून टेप फिरवली. साडेसत्तावन्न. म्हणजे मिडीयम, ५८० मिमी. चाळीस वर्षं मोठं समजलेलं डोकं मध्यम निघालं.

मिडीयम घातलं तर गाल असे दाबले गेले की बोलताना गालाचा आतला भाग दाताखाली यायला लागला. मी म्हटलं, हे लहान होतंय. त्याने दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवलं. कपाळाची कातडी सोबत फिरली. मग पट्टा लावून मागून वर उचलून पुढे ओढून बघितलं, निघेना. लार्जच्या बाबतीत हेच केलं तेव्हा ते सरळ नाकावर उतरलं. पंधरा दिवसांत गालाकडचं पॅड बसेल, म्हणाला. वीस दिवस लागले, पण बसलं. तोवर गाडी चालवताना फोनवर बोलणं आपोआप बंद झालं होतं, तो वेगळा फायदा.

किंमत १,४५०. घासाघीस केली, पन्नास सुटले नाहीत. आयएसआयचा शिक्का मागे होता, खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव-पत्ता येतो. मी दुकानातच टाकून बघितला, मालकाला राग आला नाही. राग आला असता तर मी उठून आलो असतो. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला किंवा विकायला देशात बंदी आहे, मानक आयएस ४१५१. आणि तरी दोरीवरची हेल्मेटं हायवेला वाऱ्यावर डुलतायत, त्यांच्यावरही आयएसआय छापलेलं असतंच. फक्त क्रमांक नसतो, किंवा असतो तो ॲपमध्ये दुसऱ्याच कुठल्या वस्तूचा निघतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. डोक्याडोक्याचा आकार वेगळा, माझ्या डोक्याला बसलं ते तुमच्या कपाळाला रुतेल.

आता वापर. शेजारच्या वाण्याच्या काट्यावर वजन भरलं १ किलो २८० ग्रॅम. पहिले चार दिवस मानेला कळलं, नंतर नाही. फुल फेस आहे. आईने पहिल्या दिवशी बघून विचारलं, "झिला, ह्यां काय कळशी उपडी घातलंस टकलेर?" उन्हाळ्यात घाम येतो, तो कशानेही येतोच. वर दोन झरोके आहेत, चाळीसच्या वर वेग गेला तर हवा लागते. बाजारात दहाच्या वेगाने फिरताना त्यांचा शून्य उपयोग.

खरी रड पावसाची. जून ते सप्टेंबर व्हायझर आतून धुकटतो. श्वास सोडला की पांढरं. उपाय एकच, व्हायझर एक खटका उघडा ठेवायचा. मग त्या फटीतून पाऊस आत येतो. पिंगुळीच्या पुढे एका संध्याकाळी चिऱ्याचा डंपर शेजारून गेला आणि लाल पाणी थेट व्हायझरवर. दोन सेकंद काही म्हणजे काही दिसलं नाही. बोटाने पुसलं तर लाल चिखलाचा मस्त थर पसरला. अशा वेळी व्हायझर वर करायचा, पुसायचा नाही, हे तेव्हा शिकलो. धुकं न धरणारी फिल्म वेगळी मिळते असं म्हणतात, आमच्या दुकानात नव्हती. याचे मार्क कापतोय.

रात्रीसाठी गडद व्हायझर अजिबात घेऊ नका. दुकानात पोरं तोच मागतात. हायवेवर काळी म्हैस काळ्या डांबरावर बसलेली असते, ती साध्या काचेतून दिसायची मारामार. देशभराच्या आकडेवारीत सर्वाधिक अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळातले. आमच्याकडे तीच वेळ गुरं परतायची, पाव आणायची आणि बारमधून घरी जायची. त्यात आता कार्तिकापासून जत्रा लागल्या की दशावतार संपवून पहाटे तीनला डोळ्यांत झोप घेऊन ट्रिपलसीट परतणारे. त्या बातम्या मी सकाळी सात वाजता लिहितो.

आतलं कापड निघतं, धुता येतं. धुता येतं म्हणजे वाळतं असं नाही. श्रावणात तीन दिवस फ्रिजच्या मागे ठेवलं तरी ओलसर, चौथ्या दिवशी कुबट वास आणि पट्ट्यावर बुरशीचे ठिपके. शेवटी बायकोने मिरच्या सुकवायच्या जाळीवर, चुलीच्या वर टांगलं. वाळलं झकास, पण आठवडाभर डोक्यात भाजल्या सुकटीचा वास घेऊन फिरत होतो. कंपनीने कापडाचा दुसरा सेट बरोबर द्यायला हवा होता. सुटा मिळत नाही, ही माझी मुख्य तक्रार.

व्हायझरच्या डाव्या स्क्रूला गंज आलाय. मालवणला आठवड्यातून दोनदा जातो, खारा वारा. क्लिप मात्र अजून खटकन लागते, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं. दोन कड्यांतून पट्टा ओवायचा प्रकार जास्त भरवशाचा असं म्हणतात, पण पाव आणायला जाताना कोण ओवत बसणार? एका हाताने, न बघता, चप्पल घालता घालता लागला पाहिजे. माझा लागतो. म्हणून दोन किलोमीटरलाही डोक्यावर चढतं. हे एवढं एक जमलं तर बाकी वास, गंज, वजन सगळं माफ.

आणि ठेवायची जागा. आरशावर टांगलं की आतला थर्माकोल आरशाच्या टोकाने चेपतो, मालकाने बजावलं होतं. सीटवर उलटं ठेवलं तर पावसात त्याची बादली होते. मे महिन्यात एकदा आंब्याखाली ठेवून पंचनामा बघायला गेलो, परत येऊन घातलं, पट्टा लावला, आणि मग कळलं की आत तांबडे मुंगळे आहेत. क्लिप किती पटकन सुटते याची खात्री त्या दिवशी झाली. आता दाराच्या आत खुंटी ठोकलीय, गाडीच्या किल्लीच्या शेजारी. किल्ली घ्यायला हात गेला की हेल्मेट लागतंच.

बायकोसाठीही तिथूनच घेतलं, उघड्या तोंडाचं, ९५० रुपये. मागे बसणाऱ्याला कशाला, असं तीच म्हणाली. कायद्याने लागतंच, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९, चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला. पण कायद्याने बायको ऐकत नाही. मी तिला एक आकडा वाचून दाखवला: २०२२ साली देशात हेल्मेट नसताना ५०,०२९ माणसं गेली, त्यातली १४,३३७ मागे बसलेली. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, अंबाड्याचं काय करू? प्रश्न रास्त होता. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वळेसर माळला तर अबोलीचा भुगा होतो. हेल्मेट बनवणाऱ्यांनी अंबाडा बघितलेलाच नाही. आता ती वेणी घालून निघते, वळेसर पिशवीत, पोचल्यावर माळते. देवळाच्या पायरीवर हेल्मेट काढून फूल माळणाऱ्या आणखी दोघी तिला भेटल्या.

हेल्मेटने सगळं भागतं असं म्हणणारा मी नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो की मरणाचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे उरलेला उरतोच. तो मिडलकटवर, न पेटणाऱ्या दिव्यांत आणि सर्व्हिस रोड मधेच संपतो तिथे आहे. हायवेच्या पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, की त्या जागेला सरकारी भाषेत ब्लॅक स्पॉट म्हणतात. म्हणजे नाव मिळायलाही आधी माणसं द्यावी लागतात. चौथ्या अपघातापर्यंत ती नुसती 'आमच्या वाडीकडची जागा' असते. तिचा रिव्ह्यू कुठे लिहायचा ते मला सापडलेलं नाही, म्हणून हेल्मेटचा लिहितोय.

मार्क द्यायचे तर हेल्मेटला पाचपैकी साडेतीन. अर्धा धुक्याला, अर्धा कापडाच्या सेटला, अर्धा स्क्रूला गेला. दुकानाला साडेचार. अर्धा मार्क पन्नास रुपये सोडले नाहीत म्हणून, हे मालकाला सांगितलंय.

जाणार असाल तर डोक्याला तेल लावून जाऊ नका. ट्रायलच्या हेल्मेटला डाग पडतात म्हणून तो तेलकट डोक्यावर आधी वर्तमानपत्राचा कागद ठेवायला देतो. मला दिला तो आमच्याच पेपरचा होता, जिल्हावार्ताचं पान.