सिंगापूर, हाँगकाँग की इंडोनेशिया: ऑर्डर देणाऱ्या कंपनीचा खरा मालक कुठे सापडतो?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीकडे या तिन्ही ठिकाणच्या ट्रेडिंग कंपन्यांनी कास्टिंगचा दर मागितला, तर दर काढण्याआधी पाहायचं ते एकच: पैसे अडकले तर धरायचं कुणाला?

शेताच्या उताऱ्यासारखं नाव बाहेरच्यालाही शोधता येतं ते इंडोनेशियात. २०१८च्या अध्यक्षीय आदेश क्र. १३ नुसार खऱ्या मालकाची नोंद सक्तीची आहे आणि कायदा मंत्रालयाच्या ए.एच.यू. पोर्टलवर शोध घेता येतो. पण ती माहिती कंपनीनेच भरलेली असते. तिला सुगावा समजा, पुरावा नव्हे.

सिंगापूरच्या 'अक्रा'कडे, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी यंत्रणेकडे, ३० जुलै २०२० पासून खऱ्या मालकांची केंद्रीय नोंदवही आहे, मात्र ती सरकारी यंत्रणांपुरती. आपल्याला थोड्या फीत बिझनेस प्रोफाइल, म्हणजे कंपनीचा माहितीचा उतारा मिळतो. त्यातला भागधारक म्हणजे तिसऱ्याच देशातली कंपनी निघाली, की वाट खुंटली. हाँगकाँगमध्ये १ मार्च २०१८ पासून ही वही कंपनीनेच ठेवायची. केंद्रीय वही नाही. दोन्हीकडे खरा मालक ठरायची मर्यादा २५ टक्क्यांहून अधिक. चौघांनी २५-२५ टक्के वाटून घेतले तर निव्वळ शेअर्सच्या हिशेबात कुणीच सापडत नाही. सिंगापूरने ऑक्टोबर २०२२ पासून अशा वेळी कारभार पाहणाऱ्या संचालकांची नावं भरायला लावली. म्हणून या दोघांत सिंगापूर बरं.

दोन्हीकडे उपाय तोच: वहीचा उतारा आणि शेवटच्या माणसापर्यंतचा मालकीचा तक्ता ग्राहकाकडूनच मागा, कंपनी सेक्रेटरीच्या सहीने. बँकही हेच मागते, त्यामुळे कागद तयार असतात. टाळाटाळ झाली तर एल.सी.शिवाय, म्हणजे ग्राहकाच्या बँकेच्या हमीपत्राशिवाय, माल हलवू नका.

उलट हेच कागद ग्राहक तुमच्याकडेही मागेल. आपल्याकडे मर्यादा कडक, १० टक्के. पण हक्क अप्रत्यक्ष, म्हणजे दुसऱ्या कुणामार्फत असेल तरच. सगळे शेअर्स थेट स्वतःच्या नावावर असतील तर खऱ्या मालकाचा फॉर्म लागत नाही. बेळगावात घोळ होतो तो एच.यू.एफ.चा, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचा. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये तिचे १० टक्के किंवा जास्त शेअर्स असले, की खरा मालक कर्ता. त्याने कंपनीला बेन-१ हा घोषणेचा फॉर्म द्यायचा, कंपनीने ३० दिवसांत बेन-२ हा फॉर्म सरकारकडे ऑनलाइन भरायचा. आपलं आर.ओ.सी. (कंपनी निबंधक कार्यालय) बेंगळुरूचं, कोल्हापूरकरांचं पुण्याचं, नियम तोच. चुकल्यास कंपनीला १ लाख दंड, पुढे रोज ५००, कमाल ५ लाख. आणि वडील गेल्यावर कर्ता बदलला की ३० दिवसांत नवा बेन-१ लागतो. तेराव्याच्या गडबडीत नेमका तोच राहून जातो.