क्रीटची वॉकिंग टूर: चालणाऱ्यांनी जाच, फक्त नोसॉसच्या राजवाड्याचं आधी बोलून घ्या

नाशिकच्याच एका टूरवाल्यांकडून ग्रीसच्या क्रीट बेटावरची पायी सहल केली, बरेच जण विचारतायत म्हणून लिहितोय. सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला जातं, आपण छोटी सॅक घेऊन चालायचं, ही सोय एक नंबर आणि एकदाही गडबड झाली नाही.

समारिया घळीसाठी तरी जाच. ओमालोसच्या पठारावरून, साधारण १२०० मीटरवरून उतरायला लागायचं ते १६ किमी चालून थेट समुद्रावर आगिया रूमेली गावात. माहितीपत्रकात 'सोपा वॉक' लिहिलंय ते अजिबात खरं नाही, हरिहर-अंजनेरी करणाऱ्यांना दम लागणार नाही पण सगळी उतरण दगडगोट्यांतून, गुडघे बोलायला लागतात, काठी न्याच. वाटेत झऱ्याचं पाणी मिळतं. शेवटी दोन्ही कडे इतके जवळ येतात की मध्ये जेमतेम चार मीटर वाट उरते आणि वर बघावं तर कडा संपतच नाही, तिथे आमचा सगळा ग्रुप गप्प झाला होता. तिकीट जपून ठेवा, बाहेर पडताना परत घेतात, आत कोणी राहिलं नाही ना ते बघायला. गावाला गाडीरस्ता नाही, पुढे बोटीनेच जायचं.

मग लासिथी पठारावरची सिक्रोची गुहा. ग्रीक कथेत बाप क्रोनोस पोरं गिळायचा म्हणून तान्ह्या झ्यूसला, म्हणजे पुढे देवांचा राजा झालेल्याला, इथे लपवला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून रक्षक ढाली बडवत नाचायचे. आता इडा डोंगरावरची गुहाही हाच मान सांगते, २०२२ मध्ये आपल्याकडे हनुमानाचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा असा वाद झाला होता ना, तसंच. जुन्या काळी भाविकांनी लवणस्तंभांच्या फटींत खोचलेल्या ब्राँझच्या छोट्या कुऱ्हाडी इथे सापडल्यात.

खरी नाराजी नोसॉसची. बैलाच्या डोक्याचा राक्षस मिनोटॉर, त्याला ठेवलेला चक्रव्यूह, सगळी कथा तिथली, आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० मध्ये खोदायला घेतलेला राजवाडा, आणि आम्हाला नेलं भर दुपारी, बसमधून उतरवून घाईघाईत फिरवलं. सकाळी गेट उघडतानाच न्या म्हणून बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या.

शाकाहारींची काळजी नको. डाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर टोमॅटो, चीज, ऑलिव्ह तेल, पोटभरीचं होतं. टूरवाल्यांचं इंडियन जेवण नाही घेतलंत तरी चालेल.

मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर धरा, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, कडक ऊन आणि हिवाळ्यात घळ बंद असते.