परभणीतला रविवारचा वर्ग: जुन्या कवितेतल्या प्रतिमा वाचताना

जुन्या मराठी कवितेतल्या प्रतिमा आणि प्रतीकं कशी वाचायची, एवढ्या एकाच विषयावर परभणीत रविवारी वर्ग चालतो. एक निवृत्त प्राध्यापक आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर तो घेतात. फी 1500 रुपये. पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आत संपतो. मी सेलू तालुक्यातल्या एका हायस्कूलात मराठी शिकवते. रविवारची सकाळची रेल्वे धरून जायचे आणि दुपारी परत यायचे. यंदाची तुकडी पूर्ण केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकानं हा वर्ग करावा असं माझं ठाम मत आहे. तो जिथं कमी पडला तेही लिहिणार आहे.

मी गेले ते दहावीच्या रसग्रहणापायी. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हे मुद्दे लेकरांना तोंडपाठ असतात. दिवा म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान, कमळ म्हणजे निर्लेपपणा, हे गाईडमधून आलेलं असतं. मार्क मिळतात, पण कविता कुणी वाचलेलीच नसते. कमळ दिसलं की पुढचा शब्द तयार, मग ते कमळ कोणत्या तळ्यातलं, त्याच्यापाशी कोण आलंय, हे बघायला कुणी थांबत नाही. वर्षानुवर्षं तशाच उत्तरपत्रिका तपासून माझं मन विटलं होतं.

सरांची रीत अगदी उलटी आहे. हातात झेरॉक्सचं एक पान येतं. त्यावर चार-सहा ओव्या किंवा एखादा अभंग मोठ्या अक्षरात, बाजूला भरपूर मोकळी जागा, अर्थ कुठंच छापलेला नाही. सार्थ आवृत्ती पहिल्या तासाला उघडायची नाही. आधी विचारतात, काय दिसतंय? मग, हे कोण कुणाला बोलतंय? सूचित काय होतंय, हा प्रश्न अगदी शेवटी येतो. ऐकायला हे साधं वाटतं. करायला बसल्यावर कळतं की आपली बुद्धी पहिला प्रश्न ओलांडून थेट तिसऱ्यावर उडी मारते. सर तिथं दर वेळी हात वर करून थांबवायचे.

वर्गाची सुरुवात ज्ञानेश्वरीनं होत नाही, ती गाथासप्तशतीनं होते, आणि ही निवड मला फार आवडली. हाल सातवाहन राजाच्या नावानं ओळखला जाणारा हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे मराठीची पूर्वज मानल्या जाणाऱ्या भाषेतला. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली संपादित केलेली मराठी आवृत्ती सरांच्या मेजावर कायम असते. त्यातून सगळ्यांत आधी त्यांनी ही गाथा दिली:

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ देण ।
गोलाणईकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते आहे: महाराज, आता निर्धास्त हिंडा, तो कुत्रा आज मारला गेला. गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या मस्तवाल सिंहानं त्याला मारलं.

काय दिसतंय? कुत्रा, सिंह, नदीकाठची झाडी. माझ्या शेजारी बसणारा, सेट परीक्षेची तयारी करणारा मुलगा पटकन म्हणाला, सिंह म्हणजे पराक्रम. सर म्हणाले, सिंह राहू द्या, आधी बाईकडं बघा. ती कुणाला भिववते आहे? तिथून एकेक गोष्ट उलगडत गेली. हा माणूस फुलं तोडायला रोज त्या झाडीकडं येतो. तिथंच ती आपल्या प्रियकराला भेटते. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला ती गोड आवाजात सांगते की कुत्रा गेला, आता सिंह आहे. तोंडानं म्हणते हिंडा, अर्थ आहे फिरकू नका. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ हा काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिताना हीच गाथा उदाहरणाला घेतली: वाच्यार्थ परवानगीचा, व्यंग्यार्थ मनाईचा. भारतीय काव्यशास्त्रातल्या ध्वनिविचाराच्या, म्हणजे सूचित अर्थाच्या विचाराच्या, अगदी आरंभी आपल्या गोदावरीचा काठ आहे, ही गोष्ट मराठवाड्यातल्या किती मराठी शिक्षकांना ठाऊक असेल? एम. ए. ला ध्वनिसिद्धांत मी व्याख्येसकट लिहिला होता, पण त्यातली नदी आपली आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

या गाथेतला सिंह कशाचंच प्रतीक नाही. बहुधा तो झाडीत नाहीच, बाईनं तो रचलेला आहे. त्याचा अर्थ त्याच्या आयाळीत शोधून सापडत नाही, तो बोलणारीच्या गरजेत आहे. कोण बोलतंय हा प्रश्न सर दुसऱ्याच पायरीवर का ठेवतात, ते इथं पटलं.

त्यानंतर ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय. इथं दोन भुंगे आहेत. पहिला भुंगा ग्रंथ कसा सेवावा ते सांगतो: ‘जैसे भ्रमर परागु नेती । परी कमळदळें नेणती’. पराग नेला तरी पाकळ्यांना पत्ता लागत नाही, तसं हळुवार वाचावं. थोडं पुढं गेलं की अर्जुनाचं मन नातलगांच्या मायेनं विरघळतं, आणि दुसरा भुंगा येतो: ‘जैसा भ्रमर भेदी कोडें । भलतैसें काष्ठ कोरडें । परि कळिकेमाजि सांपडे । कोंवळिये’. कोरडं लाकूड सहज पोखरणारा हा जीव कोवळ्या कळीत अडकतो. प्राण जाईल, पण पाकळी चिरणार नाही. माया ही अशी कोवळी असून कठीण.

माझं माहेर माळवदाचं. तुळईला भुंग्यानं पाडलेली गोल भोकं आणि खाली सांडलेला पिवळा भुसा लहानपणापासून बघितलेला. ‘काष्ठ कोरडें’ वाचताना मला तो भुसाच दिसला. तेव्हा कळलं की ओवीचं सगळं बळ या निरीक्षणावर उभं आहे. लाकूड पोखरायची ताकद ज्यानं पाहिलेली नाही, त्याला कळीतली हतबलता पोचणार नाही. शिवाय एकाच अध्यायात, एकाच कवीकडं, भुंगा एकदा उत्तम वाचक झाला आणि एकदा मायेत गुंतलेला वीर. मग ‘भ्रमर म्हणजे अमुक’ असं गाईडनं कसं छापावं?

त्याच अध्यायात शरदाच्या चांदण्यातले अमृतकण वेचणारी चकोराची पिल्लंही आहेत. सरांनी ती मुद्दाम भुंग्यांच्या शेजारी ठेवली. चकोराला चांदणं पिताना कुणी पाहिलेलं नाही. तो कविसंकेत, परंपरेतून आलेला. भुंगा डोळ्यांनी पाहिलेला. ज्ञानदेव दोन्ही वापरतात, आणि वाचकानं दोन्हींकडं वेगळ्या नजरेनं बघायचं. हा फरक एवढ्या स्वच्छपणे मी आधी कुठंच ऐकला नव्हता.

संत एकनाथांच्या भारुडांचे रविवार सगळ्यांत रंगले. ‘विंचू चावला’ मध्ये नाथ किल्ली पहिल्याच झटक्यात हातात देतात: कामक्रोध विंचू चावला. मग शोधायचं काय उरलं? सरांनी विंचू चावलेल्यांना बोलायला सांगितलं. मानवत भागातले एक शेतकरी काका सांगू लागले. भुईमूग उपटताना बोटाला नांगी लागली, घाम फुटला, अंगाची लाही झाली, अख्खी रात्र बाजेवर बसून काढली. त्यांचं सांगून झाल्यावर भारूड पुन्हा वाचलं. ‘तम घाम अंगासी आला’ ही ओळ तेव्हा अंगावर आली. काम आणि क्रोध हे शब्द कीर्तनात ऐकून ऐकून गुळगुळीत झालेले. नाथांनी ते शरीरात उतरवले. उताराही गावातलाच, अंगारा लावायचा, फक्त तो सत्त्वगुणाचा.

‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ वर मात्र वाद झाला. सासरा, सासू, नणंदेचं पोर, नवरा, सगळ्यांच्या वाईटासाठी नवस बोलणारी ही बाई. रूढ उलगडा असा की घरची माणसं म्हणजे जिवाला चिकटलेले विकार आणि नाती, आणि शेवटी मागितलेलं एकलेपण म्हणजे मुक्ती. सरांनी तो सांगितला. वर्गातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी, ज्या एरवी गप्प असायच्या, त्या म्हणाल्या, “सर, विकार नंतर. आधी ती खरंच कावलेली आहे. जात्यावर बसलेल्या बाया यावर का हसत असतील?” सरांनी डोक्यावरून हात फिरवला, थोडं थांबले आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, मावशी. अध्यात्म लागू करायच्या घाईत मी त्या बाईचं ऐकलंच नाही.” शिष्यांसमोर असं बोलणारा शिक्षक मिळणं हेच माझ्या दृष्टीनं फीचं मोल. माझंही मत मावशींच्या बाजूचं आहे. त्या सुनेचा संताप खरा धरला तरच तिचं शेवटचं मागणं एवढं मोठं वाटतं. तो संताप नुसतं रूपक म्हणून बाजूला सारला तर भारुडातला प्राणच जातो.

एक रविवार गंगाखेडला, गोदावरीच्या काठी झाला. जनाबाई तिथली. ‘धरिला पंढरीचा चोर । गळा बांधोनिया दोर’ हा अभंग तिथं वाचला. हृदयाचा बंदिखाना केला, आत विठ्ठल कोंडला, सोहं शब्दाचा मारा केला, विठ्ठल काकुळती आला. दोर, कोठडी, मार, काकुळत: हे सगळे शब्द सत्तेचे आहेत, आणि ते वापरते आहे स्वतःला नामयाची दासी म्हणवणारी बाई. सरांनी एवढंच विचारलं, कोण कुणाला कोंडतं आहे ते बघा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ज्या काळात तिच्यासारखीला कुणीही हुकूम सोडावा, त्या काळात ती जगाच्या मालकाला जेरबंद करते आणि सोडत नाही म्हणते. भक्ती ही त्यात आहेच. तिच्यासोबत आणखी काय काय आहे, हे मी शाळेत हा अभंग पुन्हा वाचून दाखवताना मुलींच्या तोंडांवर बघितलं.

आता कमतरता. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचं गणेशाचं रूपक सरांनी फळ्यावर गणपती काढून शिकवलं: वेद म्हणजे मूर्ती, सहा दर्शनं म्हणजे सहा हात, तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक, आणि ओंकारातले अकार, उकार, मकार मिळून पाय, पोट, मस्तक. सुंदर तास. पण एका हातात तुटलेला दात आहे, आणि तो वार्तिकांनी, म्हणजे टीकाग्रंथांनी, खंडन केलेल्या बौद्धमताचा संकेत आहे असं ज्ञानदेव स्वतः म्हणतात. बौद्ध घरातून आलेल्या एका तरुणानं यावर प्रश्न विचारला. सर म्हणाले, तो त्या काळचा दर्शनांचा वाद आहे, आणि पुढं सरकले. हे मला खटकलं. जिथं वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी आहेत आणि आंबेडकरी विचारांची घरं गावोगाव आहेत, त्या मराठवाड्यात हा प्रश्न दोन वाक्यांत संपत नाही. शोभेच्या वाटणाऱ्या रूपकात एका मोठ्या वैचारिक झगड्याचा निकाल कोरलेला आहे, आणि प्रतिमा वाचायला शिकवणाऱ्या वर्गात यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. त्याला अख्खा रविवार द्यायला हवा होता. त्या तरुणाचा तो हक्क होता.

दुसरं, महानुभाव वाङ्मयाला हात लागला नाही. चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रातले दृष्टांत साध्या गद्यात आहेत, ओवीचा आधार नसताना प्रतिमा कशी उभी राहते ते तिथं बघता आलं असतं. आधुनिक कविता शेवटच्या तासाला घाईघाईनं उरकली, त्यापेक्षा ती वगळलेली बरी. आणि मावशींच्या बोलण्यातून जात्यावरच्या ओव्यांचा विषय दारात येऊन उभा होता. वर्गात त्या म्हणू शकणाऱ्या निदान तिघी-चौघी बसल्या होत्या. त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नाही.

सोयींचं थोडक्यात. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो. लाइट गेली की पंखा बंद, भाद्रपदात जीव नकोसा होतो. मधल्या सुट्टीत चहा मिळतो. प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे सेवापुस्तकात नोंद करायची असेल तर उपयोग नाही.

शाळेत मी ‘काय दिसतंय’ हा प्रश्न नववीपासून सुरू केला आहे. पहिले काही तास वर्ग शांत बसला, कारण दिसतंय ते सांगायला गाईड लागत नाही यावर लेकरांचा विश्वासच बसेना. आता एक मुलगा कवितेत कुठलाही पक्षी-प्राणी आला की आधी विचारतो, हा कवीनं बघितलेला आहे की ऐकलेला? त्याच्या वडिलांची मेंढरं आहेत. बघितलेलं काय असतं ते त्याला माझ्याहून चांगलं कळतं. रसग्रहणाचे मार्क त्यानं वाढतील की नाही, ते बोर्डाच्या परीक्षेत कळेल.

पुढची तुकडी येत्या आषाढात आहे. खोलीत पंचवीस माणसं दाटीनं मावतात, म्हणून नाव आधी नोंदवा. जाताना घरातली एखादी वयस्कर बाई सोबत न्या, आणि तिला पुढच्या रांगेत बसवा.